हेराल्ड अपडेट: मागची चाकं अखेर ताळ्यावर आली

काल सकाळी साडेसहाला ठाण्यातला कोलशेत रोड रिकामा होता. डावं वळण घेताना मी मधोमध मुद्दाम ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडीचं मागचं अंग जागचं हललं नाही. ज्यांनी स्टँडर्ड हेराल्ड (मद्रासला बनलेली ब्रिटिश ट्रायंफ हेराल्ड) चालवली आहे त्यांना एवढ्यावरून सगळं कळेल. घरी येऊन बाबांना सांगितलं. ही गाडी त्यांनी बारा वर्षं रोज ऑफिसला नेली आहे. ते एवढंच म्हणाले, "वळणात सोडायचा नसतो रे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

गेल्या अपडेटमध्ये पावसाळ्याआधी इंजिन उतरवणार असं लिहिलं होतं. इंजिन अजून जागेवरच आहे. मधले चार महिने मागच्या आडव्या पाट्याने, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये आडव्या बसणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगने, खाल्ले.

तेव्हाची स्थिती अशी होती. पाटे पार बसलेले, मागचं अंग खाली गेलेलं, चाकं वरून आत झुकलेली, कँबर (उभ्या रेषेपासून चाकाचा कल; वरून आत म्हणजे उणे) २ अंश उणे. कळव्याच्या एका पाटेवाल्याकडे संच दिला. कारागीर चांगला आहे; पाटा गॅसवर लाल करत नाही, ऐरणीवर थंडाच ठोकून कमान देतो. तापवून कमान मारणाऱ्याकडे आपली गाडी कधीही देऊ नका, पाट्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि सहा महिन्यांत तो पुन्हा बसतो. पण या कारागिराचं रोजचं काम टेम्पो-ट्रकचं, आणि तिथे प्रत्येकाला गाडी मागून उचललेलीच हवी असते. त्याने त्याच सवयीने भरपूर कमान दिली. बसवल्यावर गाडी मागून ७० मिमी वर आली आणि कँबर थेट अधिक ५ अंश झाला. मागून पाहिलं की दोन्ही चाकं खालून आत ओढलेली, वरून बाहेर फाकलेली.

पद्मिनीवर किंवा ॲम्बेसेडरवर असं झालं असतं तर गाडी नुसती उंच दिसली असती, कारण तिथे मागचा एक्सल अखंड आहे. हेराल्डच्या स्विंग एक्सलमध्ये प्रत्येक बाजूचा शाफ्ट मधल्या डिफजवळच्या (डिफरन्शियलजवळच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, हलतो आणि चाक त्या शाफ्टला काटकोनात पक्कं असतं. अंग वर गेलं की शाफ्ट खाली लोंबतो आणि चाकाचा तळ आत येतो. वळणात बाहेरच्या चाकावर भार येतो तेव्हा रस्त्याचा जोर त्या चाकाला आणखी आत दुमडू पाहतो, त्याने अंग अजून वर उचललं जातं, आणि तेवढ्यात ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भार पुढे जाऊन उरलीसुरली पकडही सुटते. घोडबंदर रोडवर एकदा हे अनुभवलं. बायको शेजारी होती. त्या दिवसापासून हा प्रश्न सुटेपर्यंत चाचणी सोडून गाडी सोसायटीबाहेर काढायची नाही असं ठरवलं.

पहिला उपाय वजनाचा. डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या टाकल्या, कँबर अधिक १ वर आला. म्हणजे हिशोब बरोबर होता, पण गोण्या घेऊन कोण हिंडणार? दुसरा उपाय, संचातला एक पाटा काढला. एकट्याने बसलो तर गाडी झकास उभी राहिली. चौघं बसल्यावर तीन हात नाक्याच्या खड्ड्यात मागून असा ठोका आला की रबरी स्टॉपर चिरला. पाटा पुन्हा आत.

या उलटापालटीत एक मात्र मनासारखं झालं. मागचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, निघाला. शाफ्टच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) तो साठ वर्षं बसलेला. बाजारातले तीन पायांचे पुलर (ओढून काढायचं अवजार) त्याची कड वाकवतात, म्हणून वागळे इस्टेटमधल्या टर्नर काकांकडून चाकाच्या चारही स्टडना धरणारा जाड प्लेटचा पुलर करून घेतला. पुलर आवळला, मधल्या बोल्टवर हातोड्याचा एक घाव घातला, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन हब हातात आला. ज्या कोणाला मागची बेअरिंग करायची आहेत त्यांनी हा पुलर माझ्याकडून न्या, तो तुमचाच समजा.

आता खरा मुद्दा. तिसऱ्या महिन्यात मी हेराल्डच्या गाडीत हेराल्डचं उत्तर शोधणं थांबवलं आणि तिच्या बहिणीकडे वळलो.

ही कहाणी मला फार आवडते. १९५० च्या दशकात फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ताब्यात गेली आणि हेराल्डची इंग्लिश कंपनी स्टँडर्ड-ट्रायंफ हिला नव्या गाडीसाठी एकसंध बॉडी करून देणारं कोणी उरलं नाही. म्हणून १९५९ च्या हेराल्डला वेगळी चेसिस आणि वर बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे मिळाले. अडचणीतून आलेली हीच चेसिस पुढे वरदान ठरली. ती आखूड करून हेराल्डचाच इटालियन डिझायनर मिकेलॉटी याच्या रेखाटनावर १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी राहिली. हेराल्डचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३२४ मिमी, स्पिटफायरचा २१०८. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक, डिफ, मागचा आडवा पाटा, सगळं एकाच घरातलं. पुढचे अपराइट (चाक धरणारे उभे भाग) तर इतके चांगले होते की लोटस एलान या स्पोर्ट्स कारलाही तेच लागले. इंजिनाचंही तसंच: ८०३, ९४८, ११४७ आणि १२९६ सीसी, चारही इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७६ मिमी, फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढत गेला. आणि इकडे मद्रासला याच चेसिसवर चार दारांची सेदान झाली, जी इंग्लंडमध्ये कधी विकलीच गेली नाही. एकाच सांगाड्यावर एकीकडे बाजारहाट, दुसरीकडे शर्यत.

नेरूळच्या आपल्या ११८ एनईवाल्या (प्रीमियरची फियाट १२४ वर बेतलेली गाडी) मित्राचा यावर नेहमीचा आग्रह असतो की फियाटने हेच जास्त देखणं केलं. १२४ सेदानचा व्हीलबेस २४२० मिमी, तिच्याच अंगावरची स्पायडर २२८० मिमी, दोन्ही १९६६ च्या. त्याचं म्हणणं मान्य. पण १२४ चा मागचा एक्सल अखंड आहे, त्यामुळे त्याला माझं दुखणं कळणार नाही.

स्विंग एक्सलचा दोष स्पोर्ट्स कारमध्ये जास्त उघडा पडला, कारण ती चालवणारा वळण जोरात घेणारच. म्हणून कंपनीने औषधही आधी त्याच बाजूला शोधलं. याच घराण्यातल्या सहा सिलिंडरच्या जीटी६ आणि व्हिटेसला १९६८ मध्ये खाली विशबोन (चाकाला खालून धरणारा दुबेळकी दांडा) मिळाला, उत्तम पण खर्चिक. स्पिटफायरला १९७० च्या मार्क फोरमध्ये स्वस्तातला आणि माझ्या मते जास्त हुशार उपाय मिळाला, तो म्हणजे स्विंग स्प्रिंग. संचातला सर्वांत खालचा एकच पाटा डिफवर घट्ट, वरचे सगळे मधल्या पिनवर झुलते. खड्ड्यात दोन्ही चाकं एकदम वर आली तर सगळे पाटे मिळून भार घेतात. वळणात एक चाक वर आणि एक खाली गेलं तर वरचा संच तराजूच्या दांडीसारखा नुसता कलतो. त्यामुळे मागचं अंग उचललं जाणं कमी होतं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने हेराल्डनंतरच्या १९७२ च्या गॅझेलमध्ये उलटा रस्ता धरला आणि सरळ अखंड एक्सल घातला. आपल्या रस्त्यांसाठी तो निर्णय समजतो, पण मला हेराल्डचं स्वतंत्र सस्पेन्शन घालवायचं नव्हतं.

इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे स्विंग स्प्रिंग मागवली. सात आठवडे वाट पाहिली, कस्टम भरलं, खोका उघडला तर आत जुन्या पद्धतीचा, सगळे पाटे एकत्र आवळलेला संच. दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. पण तो संच जमिनीवर माझ्या पाट्यांशेजारी ठेवला तेव्हा लक्षात आलं की योग्य वस्तू आली असती तरी चुकलंच असतं. स्पिटफायर दोन माणसांची हलकी गाडी आहे, माझी चार दारांची आणि पाच माणसांची. तिचा पाटा माझ्या गाडीखाली लोळला असता. मापं जुळतात म्हणून भार जुळत नाही. शेअर केलेल्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं: नग बसतो का, आणि तो किती किलोसाठी केला आहे. रेडिअस आर्मचंही (चाकाला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याचंही) तेच. हेराल्डमध्ये ते चेसिसच्या आउटरिगरला (बाजूला निघालेल्या हातांना) आहेत, स्पिटफायरमध्ये आउटरिगरच नाहीत म्हणून बॉडीला. तिथली कल्पना उचलता येईल, ब्रॅकेट नाही.

तेव्हा ठरलं: पाटे माझे, झुला बहिणीचा. कळव्याच्या उस्तादांना या वेळी कमानीचा पुठ्ठ्याचा साचाच कापून दिला. ते म्हणाले, "साहेब, एवढी कमी? गाडी बसेल." मी म्हटलं, बसू दे, मला ती बसलेलीच हवी आहे. टर्नर काकांनी वरच्या पाट्यांना धरणारी पेटी, पिन आणि कांस्याचे बूश केले. पहिली पिन साध्या लोखंडाची होती, चाचणीच्या तिसऱ्याच दिवशी तिच्यावर खाच दिसली. दुसरी हार्ड केलेली, ती ठीक आहे. पेटी जुन्या प्लेटपेक्षा १४ मिमी उंच झाली आणि मागच्या सीटमागच्या झाकणाला घासू लागली. ते झाकण पत्र्याच्या माणसाकडून ठोकून फुगवून घेतलं. सीट लावल्यावर काही दिसत नाही.

आता दोन माणसांसह कँबर शून्य, चौघांसह उणे दीड. कालचं वळण याच स्थितीत घेतलं.

पण काम संपलेलं नाही. मागचा कलण्याला होणारा विरोध कमी केला की सगळं अंग जास्त कलतं, ते काल उजव्या वळणात स्पष्ट जाणवलं. म्हणूनच कंपनीने मार्क फोरला पुढे जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं अडवणारी आडवी सळई) दिला होता. मी इथेच कोणाकडून तरी स्प्रिंग स्टीलची सळई वाकवून घेणार होतो. हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की चेसिसची पुढची बाजू तर दोघींची एकाच घरातली, आणि बारवर प्रवाशांचं वजन येत नाही, तो फक्त कलण्याला अडवतो. मग पाट्यासारखी वजनाची अडचण इथे नाही. म्हणजे स्पिटफायरचा बार सरळ बोल्ट व्हायला हवा. सळईचा विचार रद्द. त्याच विक्रेत्याकडून मात्र नाही, दुसरा शोधतोय, आणि या वेळी पैसे भरण्याआधी नगाचा फोटो मागणार.

पुढे काम करतोच आहे तर ट्रनियनही (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा आट्याचा सांधा) उघडून पाहणार. त्यात ग्रीस नको, नव्वद नंबरचं गिअर ऑइलच, हे मागेही लिहिलंय. माझ्या गाडीत आधीच्या मेकॅनिकने काय भरलंय ते अजून पाहिलेलं नाही, आणि तिथला आटा खाल्ला गेला की चाकच निखळतं. त्यामुळे इंजिन दिवाळीनंतर.

तुमच्यापैकी कोणाच्या हेराल्डवर पुढचा मूळ बार असेल तर त्याचा व्यास आणि दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर मोजून कळवा. माझ्या बारवर कोणीतरी वेल्डिंग केलेलं आहे, त्यावर विसंबून ऑर्डर द्यायची नाही.