पानाची भाषा ब्राउझरला सांगा

मराठी वेबसाइट तपासायला आली की मी आधी डिझाइन बघत नाही. कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडते आणि एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये 'लँग', म्हणजे पानाची भाषा, काय लिहिलीय ते बघते. बहुतेक वेळा तिथं 'ईएन', म्हणजे इंग्रजी, असतं. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, इंग्रजी होती, मजकूर मराठी भरला, ती दोन अक्षरं बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्यानं फारसं बिघडत नाही. ऐकून वाचणाऱ्याचं मात्र तिथंच अडतं. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, पानावर सांगितलेल्या भाषेप्रमाणे आवाज बदलतो. 'ईएन' दिसलं की देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या ताब्यात जातो, आणि त्यातले काही आवाज देवनागरी चक्क गाळून पुढे जातात. लिपी ओळखून हिंदी आवाज लागला, तर ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' होतात आणि 'चमचा'तला च भलताच ऐकू येतो. 'एमआर', म्हणजे मराठी, लिहिलं आणि मशीनवर मराठी आवाज असला, की मराठी मराठीसारखी ऐकू येते. एनव्हीडीए फुकट मिळतो, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आहे. थोडा यांत्रिक आवाज आहे, पण कामाचा आहे.

माझी एक मैत्रीण बँकेत नोकरीला आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. ती इतक्या वेगानं ऐकते की मला त्यातला शब्दही लागत नाही. ती पान वरून खाली ऐकत बसत नाही. एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाते. शीर्षक म्हणून नुसता ठळक मोठा मजकूर टाकलेला असेल, तर तिच्यासाठी त्या पानावर शीर्षकच नसतं. मग अर्जाची शेवटची तारीख शोधायला अख्खं पान ऐकायचं. यात वेळ तिचा जातो, आणि तो वाचवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पानाची भाषा सांगणं ही काही हौशी सूचना नाही. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या नियमावलीत ती 'ए' पातळीवर आहे, म्हणजे अगदी किमान अपेक्षांमध्ये. मधेच दुसऱ्या भाषेतला उतारा आला तर त्याची भाषा वेगळी सांगायची, ही त्याच्या वरच्या 'डबल ए' पातळीची अट.

डोळ्यांनाही यातून काही मिळतं, आणि मला ते फार आवडतं. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. फॉन्टमध्ये ती सोय असेल, तर 'एमआर' वाचून ब्राउझर आपणहून मराठी वळणाची अक्षरं निवडतो. त्यासाठी वेगळा फॉन्ट नको.

डिझाइनरांना एक कळकळीची विनंती: इंग्रजी शीर्षकांसाठी लावलेलं लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर, मराठीवर राहू देऊ नका. शिरोरेषा तुटते, आणि कमी दिसणाऱ्या माणसाला शब्द कुठं संपला तेच कळत नाही. ओळींमधलं अंतरही जरा वाढवा, वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसतात.

साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. नीट लिहिलेल्या थीममध्ये 'लँग' आपोआप बदलतं. बदललं नाही तर थीमच्या हेडर फाइलमध्ये कुणीतरी 'ईएन' हातानं लिहून ठेवलेलं असतं. ते शोधून काढा.