पदक वेगळं घ्या

हल्ली सायकल चालवायलाही नोंदणी लागते. सायकल फेरीचे पैसे भरले की जर्सी, बिब म्हणजे अंगावर लावायचा क्रमांक, पिशवीत प्रोटीन बारचा नमुना आणि शेवटी पदक. सायकलीचं वजन शंभर ग्रॅमने घटवायला हजारो रुपये मोजणारी माणसं ते जाडजूड पदक गळ्यात अडकवून हसत फोटो काढतात. काढोत बापडे.

केपटाऊनला 1978 पासून सायकल टूर भरते, हल्ली 109 किलोमीटरची. तिच्यासाठी रस्ते बंद ठेवतात, हजारोंना गटागटाने सोडतात. शुल्क घ्यायचं ते याचं. आपल्याकडे बहुधा वाहतूक चालूच असते आणि झेंडा पडला की सगळे एकदम सुटतात. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला समांतर घुसतं. पुढचा खड्डा चुकवायला हातभर सरकला की चाकं घासतात, आणि पडतो मागचाच, कारण त्याचं हँडलचं चाक अडकलेलं असतं. निदान एक सायकलभर अंतर ठेवावं. थांबायचं तर हात वर करून, डावीकडे सरकून. पाण्याचं टेबल दिसलं की हे सगळं विसरलं जातं, ते निराळं.

बिबमागच्या वेळ नोंदणाऱ्या चिपची घडी पडली किंवा ती धातूच्या नळीला चिकटली, तर वेळ नोंदली जाईलच असं नाही. मग निकालावरून वाद.

खरी परीक्षा पंक्चरची. हायवेवर ट्रकच्या फाटलेल्या टायरांतल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. घाईत ट्यूब बदलतात, तार टायरातच राहते आणि किलोमीटरभरात नव्या ट्यूबचीही हवा जाते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधावं, व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर धरावं आणि तिथे आतून रुमालाचा बोळा फिरवावा. बोळा अडकला की सापडली. ती नखाने निघत नाही. भुवयांचा चिमटा जवळ ठेवावा.

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. तिच्यात यातलं झगमगाटी काही नाही. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला चाळीस. कार्डावर कंट्रोलचे, म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणांचे, शिक्के, वाटेत दुरुस्ती आपली आपण. पदक हवं तर त्याचे पैसे वेगळे. बाकीच्या आयोजकांनीही अर्जात ‘पदक हवं का’ हा रकाना एकदा ठेवून पाहावा. पदकाचे वाचतील त्या पैशांत चौकाचौकांत शिट्टी घेतलेला एकेक माणूस उभा करता येईल.