दहाव्या मजल्यावरची खुर्ची

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीशी लढताना पोलीस कोठडीत गेलेल्या अहमद टिमोलच्या प्रकरणातली ती खुर्ची सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

जोहान्सबर्ग, जॉन व्होर्स्टर स्क्वेअर हे पोलीस मुख्यालय, खोली १०२६. २७ ऑक्टोबर १९७१. खोलीत त्याच्यावर पहाऱ्याला असलेल्या पोलीस रॉड्रिग्सच्या जबानीप्रमाणे टिमोलला शौचाला जायचं होतं, दोघे उठले, वाटेत खुर्ची आडवी आली, आणि तेवढ्यात त्याने खिडकी उघडून बाहेर झेप घेतली. १९७२ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी हे मानलं. आत्महत्या, दोष कुणाचाच नाही. कोठडीत त्याला माणुसकीने वागवल्याचंही नोंदवून ठेवलं.

पोलीस खोटं बोलले याचं नवल नाही. जीव तुटतो तो या गोष्टीने, की शवविच्छेदनाचा अहवाल तेव्हाही समोरच होता, खपली धरलेल्या जखमांसकट.

उंचावरून पडून जागीच मेलेल्याच्या ताज्या जखमेवर खपली धरत नाही. खपली धरायला माणूस जिवंत लागतो, मध्ये वेळ जावा लागतो. जखमेच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की भरून येण्याची क्रिया किती पुढे गेली ते दिसतं, आणि त्यावरून जखमेचं वय ढोबळमानाने काढता येतं. टिमोलला २२ ऑक्टोबरच्या रात्री पोलिसांच्या नाकाबंदीत पकडलं, पाचव्या दिवशी तो गेला. दोन-चार दिवसांची जखम म्हणजे कोठडीतली जखम. कुटुंबाच्या बाजूचे शवविच्छेदनतज्ज्ञ डॉ. ग्लकमन यांनी मारहाणीकडे बोट दाखवलंच होतं. ऐकलं गेलं नाही. त्याआधी दफनापूर्वी मय्यत धुणाऱ्या घरच्या माणसांनीही ते अंग पाहिलं होतं. त्यांना सूक्ष्मदर्शक लागला नव्हता.

२०१७ मध्ये चौकशी पुन्हा उघडली, तेव्हा न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. शकीरा हॉलंड आणि डॉ. स्टीव्ह नायडू यांच्यासमोर नवा देह नव्हता, तीच जुनी नोंद होती. जबड्याचं हाड मोडलेलं, कवटी एका जागी आत दबलेली, डावा घोटा निखळलेला. अशा घोट्यावर नीट उभं राहता येत नाही. खुर्चीला वळसा घालून खिडकी गाठायची आणि वर झेप घ्यायची, हे कसं जमावं? म्हणजे खुर्ची आडवी आली की नाही, हा प्रश्नच उरत नाही. मग प्रश्न उरतो पडण्याचा. स्वतः उडी मारणारा भिंतीपासून किती लांब पडेल आणि ढकललेला कुठे, याचाही हिशेब कोर्टापुढे मांडला गेला. १२ ऑक्टोबर २०१७ ला न्यायमूर्ती मोथले यांनी निकाल दिला: ढकललं, म्हणजे खून.

४६ वर्षं. एका घोट्यासाठी.

दुपारी तर वाटलं, कशाला वाचायचं हे सगळं. अहमदची आई हावा टिमोल १९९६ मध्ये, वर्णद्वेषी काळातल्या अत्याचारांची सुनावणी घेणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे बोलल्या, निकाल ऐकायला त्या नव्हत्या. कोठडीत त्याची चौकशी करणारे पोलीस अधिकारी ग्लॉय आणि व्हॅन नीकर्क आधीच गेलेले. रॉड्रिग्सवर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला, तो खटलाच नको म्हणून वरच्या कोर्टांत जात राहिला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मेला. अहमदला ३० वं लागायला आठवडाच बाकी होता, ते तर...

आता रात्री जरा शांत वाटतंय. शिक्षा कुणाला होणार नाही हे धरूनच चालायला हवं, पण नोंद बदलते. मृत्यूच्या चौकशीच्या १९५९ च्या कायद्यातल्या कलम १७अ खाली जुनी चौकशी न्यायाधीशापुढे पुन्हा उघडता येते. त्याच रस्त्याने २०२२ मध्ये कोठडीतच गेलेल्या कामगार संघटक नील अ‍ॅगेटची आत्महत्या पुसली गेली, २०२३ मध्ये इमाम हारून यांचं कोठडीतलं जिन्यावरून पडणं पुसलं गेलं. वर्णद्वेषविरोधी नेता स्टीव्ह बिकोच्या कोठडीतल्या मृत्यूची चौकशी १२ सप्टेंबर २०२५ ला पुन्हा उघडली, तो गेला त्याच तारखेला. साक्षीदार थकलेत, फाइली गहाळ होतात, उशीर परवडणारा नाही. बिकोच्या बाबतीतही मेंदूला मार कधी बसला आणि त्यानंतर किती तास त्याला उपचाराविना ठेवलं, हे आधी लावून घ्यावं लागेल. तेव्हा पोलिसांच्या जबान्या नंतर. डॉक्टरांचे कागद आधी.