अपलोड भरली की कॉल तुटतो

आज सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात क्यूओएस (नेटवर्कवर कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणं) लावलं. तक्रार नेहमीचीच: सीसीटीव्हीचं फुटेज क्लाउडवर चढायला लागलं की इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवरचा आवाज तुटतो. मोठा प्लॅन घेऊन हे सुटतंच असं नाही. जी.७११ (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) च्या एका कॉलला इथरनेटवर एका दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस लागतात. अडचण रांगेची आहे. मोडेमचा बफर (पॅकेट थांबायची जागा) फुटेजने भरतो, आवाजाची पॅकेट मागे अडकतात. एकेरी विलंब १५० मिलीसेकंदांच्या आत हवा, जिटर (विलंबातला चढउतार) ३० च्या.

म्हणून आधी शेपिंग, म्हणजे वेगाला मुद्दाम मर्यादा. अपलोड २० एमबीपीएस मिळत असेल तर राउटरवर १८ ची मर्यादा घाला. रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते, म्हणजे आपल्या ताब्यात येते. हे सोडून नुसती प्रायॉरिटी लावणारे बरेच भेटतात. फुकट मेहनत!

मग आवाजाला डीएससीपी ४६ (पॅकेटवरची तातडीची खूण) आणि प्रायॉरिटी रांग, पण तिलाही ३३ टक्क्यांची वेसण, नाहीतर बाकी सगळं उपाशी. स्विचवर ट्रस्ट (आलेली खूण मानणं) बंद असेल तर ४६ चा शून्य होतो, तेही बघा. (बाहेर इंटरनेटवर ही खूण टिकेल अशी आशा ठेवू नका.) शेवटी अपलोड चालू ठेवून पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणं) लावा, तरीही तो वेळ १० वरून ३०० मिलीसेकंदांवर उडत असेल तर मर्यादा अजून थोडी खाली आणा.