शेलच्या हिस्टरीत कंस, डॉलर आणि देवनागरी शोधताना

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटकं होतात. त्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या मंडळाच्या पेटीत आहेत. गोव्याच्या पावसाळ्यात कागद दमट होतो, बुरशी धरतो, पानं पिवळी पडतात, म्हणून आम्ही त्या वह्या स्कॅन करून ठेवतो. डागाळलेलं पान उजळण्यासाठी गेल्या वर्षी मी इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामची एक लांबलचक कमांड जमवली होती. पानाच्या चित्राची प्रत काढायची, ती धूसर करायची आणि मूळ चित्राला त्या धूसर प्रतीने भागायचं. डाग जातो, शाई राहते. यंदा चतुर्थीनंतर आणखी वह्या आल्या आणि तीच कमांड पुन्हा हवी झाली. फाइलींची नावं आठवत नव्हती. तिच्यात \( आणि \) होते, एवढं मात्र पक्कं आठवत होतं.

मंडळाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल, तो इथे बॅश. चालवलेल्या कमांडची तो नोंद ठेवतो, तीच हिस्टरी. पहिला उपाय कंट्रोल-आर, म्हणजे हिस्टरीत मागे मागे शोधणारी कळ. इथे एक गोष्ट फार सोयीची आहे: बॅशचा हा शोध तुम्ही टाइप केलेलं चिन्ह जसंच्या तसं शोधतो. कंस म्हणजे कंस, डॉलर म्हणजे डॉलर, उद्गारचिन्ह म्हणजे उद्गारचिन्ह. आधी बॅकस्लॅश लावून काही एस्केप करावं लागत नाही. अडचण एवढीच की एका वेळी एकच ओळ दिसते, आणि माझ्या हिस्टरीत फाइली शोधणाऱ्या फाइंडच्या कितीतरी कमांडमध्ये तोच \( होता. मागे मागे जाताना हवी ती ओळ ओलांडली की कंट्रोल-एसने पुढे यावं, तर बऱ्याच टर्मिनलांत त्या कळीने पडदाच थिजतो. तो कंट्रोल-क्यूने सुटतो. कायमचा उपाय म्हणजे हे थिजणं बंद करणारी एसटीटीवाय -आयएक्सऑन ही कमांड.

सगळ्या ओळी एकदम पाहायच्या तर हिस्टरीचं आउटपुट पाइपने, म्हणजे | या चिन्हाने, ग्रेपला द्यायचं. ग्रेप दिलेल्या पॅटर्नशी जुळणाऱ्या ओळी काढून देतो. खरी गंमत इथे आहे. अवतरणचिन्हांत '\(' दिलं की ग्रेप तक्रार करतो, कंसाची जोडी जुळत नाही म्हणून. अवतरणाशिवाय \( दिलं तर तक्रार नाही, पण कंस असलेल्या झाडून सगळ्या ओळी बाहेर येतात. कारण मधे दोन जण बसलेले आहेत, शेल आणि ग्रेप. अवतरण नसेल तर बॅकस्लॅश शेलच खातो आणि ग्रेपकडे नुसता कंस पोचतो, आणि साध्या ग्रेपमध्ये नुसता कंस हे साधं अक्षर आहे. बॅकस्लॅशसकट पोचला तर तो पॅटर्नमधल्या गटाची सुरुवात ठरतो. ग्रेपला मोठ्या ई चा पर्याय (-E) दिला की हेच सगळं उलटं होतं. '$' शोधलं तर ओळीचा शेवट जुळतो, म्हणजे प्रत्येक ओळ. टिंब कुठल्याही अक्षराला जुळतं, म्हणजे तेच.

म्हणून दोघांनाही गप्प करायचं. शेलला एकेरी अवतरणाने, ग्रेपला मोठ्या एफच्या पर्यायाने (-F). हा पर्याय दिला की ग्रेप पॅटर्न वगैरे मानत नाही, अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. दुहेरी अवतरण मी टाळतो: त्यात डॉलर आणि बॅकटिक (`) शेल उलगडतोच, शिवाय बॅशमध्ये उद्गारचिन्ह जुन्या कमांडचा निर्देश समजलं जातं आणि तशी नोंद नसल्याचा निरोप येतो. दुहेरी घ्यायचं ते एकेरी अवतरणचिन्हच शोधायचं असेल तेव्हा. आणि शोधायचा मजकूर - ने सुरू होत असेल तर त्याच्या आधी छोट्या ई चा पर्याय (-e) द्यायचा, नाहीतर ग्रेप तो स्वतःचाच पर्याय समजतो.

ग्रेप मोठा एफ '\(' आणि त्यापुढे पाइप करून, धूसर करण्यासाठीच्या ब्लर या शब्दासाठी दुसरा ग्रेप. थोड्याच ओळी उरल्या, त्यात आमची कमांड होती. सर्वात खाली माझा शोधही होता, कारण तोही हिस्टरीत जातो. ते नको असेल तर कमांडच्या आधी एक स्पेस सोडायची. उबुंटूच्या मूळ मांडणीत अशी ओळ नोंदली जात नाही.

इथवर सोपं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर झेडशेल हा दुसरा शेल आहे, आणि तिथे मला 'नाटक' हा शब्द असलेली कमांड हवी होती, कारण फोल्डरांची नावं आम्ही देवनागरीत ठेवतो. हिस्टरीच्या फाइलीत ग्रेप केलं. फाइल बायनरी, म्हणजे मजकुराची नसलेली, समजून तो अडून बसू नये म्हणून छोट्या ए चा पर्यायही (-a) दिला. 'राम' असलेल्या ओळी मिळाल्या. 'नाटक' एकही नाही, आणि ती कमांड तर मी त्याच यंत्रावर चालवलेली.

शेजारी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा मुलगा आहे, त्याला बोलावलं. त्याने फाइलीतले बाइट एकेक करून पडद्यावर काढले आणि म्हणाला, "काका, हें पळयात." अक्षरं साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात. 'क' चा शेवटचा बाइट १४९. फाइलीत तिथे १४९ नव्हताच. होते दोन बाइट, १३१ आणि १८१. झेडशेल १३१ ते १६२ हे बाइट स्वतःच्या अंतर्गत खुणांसाठी राखून ठेवतो. मजकुरात त्यातला एखादा आला की आधी १३१ लिहितो आणि मग मूळ बाइटची एक बिट उलटवून तो लिहितो. 'ट' चा १५९, तोही त्यातच सापडतो. 'र', काना आणि 'म' यांचे शेवटचे बाइट १७६, १९० आणि १७४, म्हणजे त्या पट्ट्याबाहेर. म्हणून राम सापडतो आणि नाटक सापडत नाही. आमची लिपी बिघडलेली नव्हती की फाइल खराब नव्हती, हे कळल्यावर मला मनापासून बरं वाटलं.

तेव्हा झेडशेलमध्ये फाइल थेट चाळायचीच नाही. हिस्टरी १ असं शेललाच विचारायचं. तो बाइट पूर्ववत करून देतो, मग त्यावर ग्रेप मोठा एफ. तो १ आवश्यक आहे, नुसत्या हिस्टरीने शेवटच्या मोजक्या ओळीच मिळतात.

आपल्या लिपीचा आणखी एक पेच आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून उमटतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता म्हणून, तिसऱ्यावर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखे वाटतात, ग्रेपला तिन्ही वेगळे. मी आता फक्त 'दुस' एवढंच शोधतो.

पुन्हा लागणार अशी कमांड असेल तर तिच्या शेवटी # टाकून साध्या शब्दांत खूण लिहून ठेवतो: # वही उजळ. मग कंसांच्या मागे लागावं लागत नाही. बॅशमध्ये हे तसंच चालतं. झेडशेलमध्ये आधी इंटरॅक्टिव्ह कमेंट्सचा पर्याय सेटऑप्टने चालू करावा लागतो.