आमची वाटचाल : हॅवलॉकवरचे बारा बेड

२०१५ च्या नोव्हेंबरात अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर पाच नंबर बीचच्या मागे, सुपारीच्या वाडीत, एक डॉर्म आणि बारा बेड घेऊन आम्ही हॉस्टेल सुरू केलं. आम्ही म्हणजे मी, बायको आणि दादा. दादा म्हणजे वाडीचे मालक, त्यांचे आईवडील पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून इथे वसवलेल्या कुटुंबांपैकी, आणि बेटावर बहुतेक घरं तशीच आहेत. भाडेकरार झाला खरा पण कागदापेक्षा दादांच्या शब्दावर आम्ही जास्त चाललो. काहीही विचारलं की एकच उत्तर, "होये जाबे." होऊन जाईल. आणि ते करून द्यायचे.

पहिली चूक लोखंडी बंक बेडची. पोर्ट ब्लेअरहून बोटीने आणले, दिसायला एकदम झकास, आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत जॉइंटला गंज. वरचा माणूस कूस बदलायचा आणि खालचा जागा व्हायचा. मी प्रत्येक नटबोल्टखाली रबरी वॉशर घातले, महिन्याला पाना घेऊन सगळे बेड आवळायचो, तरी कुरकुर जाईना. शेवटी दादांच्या ओळखीच्या सुताराकडून लाकडी बेड करून घेतले ते आजही आहेत. खाऱ्या हवेत कुलूप पितळीच घ्या, लोखंडी कुलूप दोन महिन्यांत किल्ली गिळतं आणि मग गेस्टच्या बोटीच्या वेळेला तुम्ही हातोडा शोधत बसता. गिटार ठेवणार असाल तर नायलॉनच्या तारांची ठेवा, स्टीलच्या टिकत नाहीत. आणि प्रत्येक बेडला स्वतःचा प्लग, स्वतःचा दिवा आणि पडदा पाहिजेच, यात पैसे वाचवू नका.

आता रात्रीबद्दल, कारण आमचा धंदा तोच आहे. फोन करणारा प्रत्येक जण विचारतो, हॅवलॉकला नाइटलाइफ काय? बघा, घड्याळ सगळ्या देशाचं, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरचं, आणि सूर्य आमचा, त्या रेषेच्या दहा अंश पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, साडेपाचला काळोख. बेटावरच्या राधानगर बीचला सूर्यास्त बघून लोक परत येतात तेव्हा सहासुद्धा वाजलेले नसतात आणि पुढे अख्खी संध्याकाळ पडलेली असते. बेटावर दोनचार बार आहेत, पण सकाळी सहा-साडेसहाला डायव्हिंगची बोट असते आणि प्यायलेल्या, न झोपलेल्या माणसाला चांगला इन्स्ट्रक्टर पाण्यात उतरवत नाही. म्हणजे रात्र लवकर सुरू होते आणि लवकर संपते. या चार तासांत गेस्टला काय देता त्यावर हॉस्टेल चालतं.

हे आम्हाला २०१६ च्या डिसेंबरात कळलं. वादळ आलं, फेऱ्या बंद, बेटावर शेकडो टुरिस्ट अडकले, शेवटी नेव्हीची जहाजं आली. आमच्याकडे बारा बेडवर एकोणीस माणसं होती, जमिनीवर गाद्या टाकल्या. अडकलेल्या दिवसांचं भाडं घेतलं नाही, कुणाकडूनच नाही. इथे वीज डिझेलवर आणि डिझेल बोटीने येतं, त्यामुळे आमचा जनरेटर रात्री फक्त तासभर चालवायचो आणि मग एक कंदील. बायकोने खिचडी लावली, कुणी पत्ते काढले, कुणी गिटार घेतली, एका केरळच्या मुलाने होडीवरची गाणी म्हटली. फोनला नेटवर्क नाही, बोलण्याशिवाय दुसरं काही नव्हतं आणि लोक खरंच बोलले. वादळ गेल्यावरही आम्ही तो कंदील ठेवला. रोज सात ते दहा कॉमन रूममध्ये मोठा दिवा बंद, आजपर्यंत.

त्या एकोणीसमध्ये काकू होत्या. पुण्याच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्या फिरणाऱ्या, डॉर्ममध्ये खिडकीजवळचा खालचा बेड. तेव्हापासून दरवर्षी येतात, बेड तोच.

मग २०१८ चा ऑक्टोबर. दुसऱ्या डॉर्मसाठी कर्ज काढून बावीस बेड केले होते, हप्ता सुरू झाला होता आणि आमच्यापासून शंभर पावलांवर नवीन हॉस्टेल उघडलं. उघडू दे, धंदा आहे. पण त्याने पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर आणले आणि रात्री एक-दीडपर्यंत लावायचा. दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे हे सगळ्या देशाला माहीत आहे. आमच्या डॉर्मच्या भिंती प्लायच्या, बास वाजला की लॉकरची दारं थरथरायची. मी तीनदा जाऊन हात जोडून सांगितलं, तो म्हणाला, तुम्ही पण लावा ना. लेखी तक्रार दिली, दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत तेच. तेही सहन केलं असतं. पण त्याने जेट्टीवरच्या काही रिक्षावाल्यांना गेस्टमागे कमिशन बांधून दिलं आणि ते बोटीतून उतरणाऱ्याला सांगायला लागले की ते हॉस्टेल? ते तर बंद झालं. त्याच डिसेंबरात बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं होतं, नवीन माणूस तिकिटावरच्या नावानेच गोंधळलेला, त्याला हे पटकन खरं वाटायचं. ज्यांचं बुकिंग होतं ते पण फिरायचे आणि मी इकडे बेडवर चादर घालून वाट बघत बसलेलो असायचो.

वरून एका आठवड्यात ढेकणांचे दोन रिव्ह्यू. ज्या नावांनी लिहिले त्या नावाचं कुणी आमच्या रजिस्टरमध्ये नाही, मी पानं तीनदा उलटली. हॉस्टेलवाल्याला ढेकूण हा शब्द किती लागतो हे हॉस्टेलवाल्यालाच कळेल. दर सोमवारी आम्ही बावीस गाद्या उन्हात टाकतो, शिवणी नखाने उकलून बघतो. आणि तेव्हा इंटरनेट म्हणजे सॅटेलाइटचं, पेज उघडायला पंधरा मिनिटं. उत्तर पोस्ट करायला मला चार रात्री लागल्या, तोवर कॅन्सलेशन येऊन गेली होती. २०१९ च्या जानेवारीत, ऐन सीझनला, बावीसपैकी तीन बेड भरलेले. हप्ता बायकोच्या बांगड्यांतून गेला. दादांकडे भाडं घेऊन गेलो तर त्यांनी पाकीट परत केलं, चार महिने घेतलं नाही. होये जाबे.

जानेवारीच्या शेवटी जेट्टीवरून काकूंचा फोन. "तू बंद केलंस आणि मला सांगितलं नाहीस?" आवाज असा, की आमच्याच घरात कुणी गेलंय. मी म्हटलं, काकू, मी दारात उभा आहे, या. आल्या, चहा प्यायल्या, सगळं ऐकून घेतलं, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्यांचा खोका फाडून त्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने मोठ्या अक्षरात हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं, हॉस्टेल चालू आहे. खाली आमचं नाव. आणि जेट्टीच्या गेटबाहेर छत्री घेऊन उभ्या. सहा दिवस, सकाळची बोट आणि दुपारची बोट. साठी उलटलेली बाई, सुट्टीवर आलेली. तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने त्यांना स्टूल आणून दिलं आणि त्यानंतर तोच आमच्याकडे माणसं सोडायला लागला.

बाकीचं डायव्हिंगवाल्यांनी केलं. स्टुडंट रात्रभर जागे राहून येतात म्हणून ते वैतागलेले, मी जाऊन सांगितलं की आमच्याकडे दहानंतर चिडीचूप, शेजारचा आवाज येऊ नये म्हणून भिंतीला आतून दुसरं प्लाय आणि मध्ये काथ्या भरतो. भरला. डायव्हिंगच्या चार दिवसांच्या कोर्सची मुलं आमच्याकडे यायला लागली आणि एप्रिलपर्यंत हप्ता धंद्यातून जायला लागला. पुढची वर्षं बरी गेली, लॉकडाऊनमध्ये बंद होतो, त्याच काळात, २०२० च्या ऑगस्टमध्ये, चेन्नईहून समुद्राखालची केबल बेटापर्यंत आली, आता रिव्ह्यूला पाच मिनिटांत उत्तर देतो. शेजारी लॉकडाऊननंतर परत उघडला नाही. त्याने माफी मागितलेली नाही आणि मी ते विसरलेलो नाही.

नवीन हॉस्टेल काढणाऱ्यांना सांगतो, कर्जाचा पहिला हप्ता जूनमध्ये येईल असं कधी करू नका, पुढे कित्येक महिने पाऊस असतो. रिक्षावाल्यांशी पहिल्या दिवसापासून चहापाणी ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

आणि येणाऱ्यांना, जमलं तर अमावस्येच्या आसपास या. कंदील विझवल्यावर आम्ही सगळ्यांना किनाऱ्यावर नेतो, टॉर्च बंद करायला लावतो आणि गुडघाभर पाण्यात हात फिरवायला सांगतो. पाण्यातले बारीक जीव हलवले की चमकतात, बोटांमधून निळ्या ठिणग्या सुटतात, पाऊल टाकलं की पावलाभोवती कडं उमटतं. चंद्र असला की दिसत नाही. पुठ्ठा रिसेप्शनच्या मागे काच लावून टांगलाय, कडा ओल धरून फुगल्यात पण अक्षरं वाचता येतात. खिडकीजवळचा खालचा बेड जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मागू नका, तो दिलेला आहे.