रोह्यावरचे विमान

गेल्या नोंदीपर्यंत विमानांचे रेडिओ संदेश टिपून त्यांचा माग काढणाऱ्या आमच्या जाळ्यात ठाणे, लोणावळा आणि पुणे असे तीनच रिसीव्हर होते. आता संगमनेरला एका मित्राच्या गच्चीवर चौथा बसला आहे.

ज्या विमानांत एडीएस-बी ही यंत्रणा असते ती १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपले ठिकाण स्वतःच कळवतात, त्यामुळे त्यांच्यासाठी एक रिसीव्हर पुरतो. आमचा खटाटोप आहे तो ओळख आणि उंची सांगणाऱ्या, पण ठिकाण न सांगणाऱ्या विमानांसाठी. एकच संदेश कोणत्या रिसीव्हरला कधी पोहोचला, यातील फरकांवरून त्यांची जागा काढावी लागते. उंची आधीच कळलेली असल्यामुळे कागदावर तीन रिसीव्हर पुरेसे ठरतात. मात्र आमची तिन्ही ठिकाणे नकाशावर जवळजवळ एका तिरक्या रेषेत येतात आणि विमान त्या रेषेच्या ईशान्येला असो वा तितक्याच अंतरावर नैऋत्येला, वेळांतील फरक सारखेच दिसतात. त्यामुळे जुन्नरवरून जाणारे एक छोटे विमान मधूनच सह्याद्री ओलांडून थेट रोह्याच्या आसपास उमटत असे. संगमनेर त्या रेषेपासून बरेच बाजूला असल्याने ही आरशातली प्रतिमा आता उमटत नाही.

खरा कस लागतो तो रिसीव्हरांच्या घड्याळांच्या जुळणीत. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे इंटरनेटवरून जुळवलेल्या घड्याळात एका मिलिसेकंदाची चूक राहिली, तर अंतर ३०० किलोमीटरने चुकते. त्यातच आमच्या स्वस्त डोंगलमधला (संदेश टिपणाऱ्या यूएसबी रेडिओमधला) घड्याळाचा ठोका देणारा स्फटिक तापमानानुसार सरकत राहतो. यावर एमलॅट सर्व्हरची, म्हणजे सगळ्या रिसीव्हरांच्या वेळांवरून जागा काढणाऱ्या संगणकाची, युक्ती मला अजूनही फार देखणी वाटते: एडीएस-बी विमान आपले ठिकाण सांगत असल्याने त्याचा संदेश प्रत्येक गच्चीवर पोहोचायला किती वेळ लागायला हवा हे मोजता येते, आणि तो वेळ वजा केल्यावर जो फरक उरतो तो दोन घड्याळांमधला असतो. आकाशातील प्रत्येक ठाऊक विमान अशा रीतीने आमचे घड्याळ लावून जाते. शिवाय सर्व्हर सगळे संदेश मागवत नाही, फक्त हव्या त्या विमानांचे मागवतो, त्यामुळे लोणावळ्याचा मोबाइल डेटाही पुरतो.

एवढे असूनही ठाण्याचे घड्याळ दर काही मिनिटांनी निखळत होते. आम्ही दोन शनिवार अँटेनाच्या मागे लागलो. ६९ मिलिमीटरची तार पुन्हा मोजली, खालच्या चार काड्या पुन्हा ४५ अंशांत वाकवल्या, केबलच्या जोडावर नवे एमसील भरले. दोष निघाला तो जुन्या मोबाइल चार्जरमध्ये. त्याचा विजेचा दाब पडला की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडून सॅम्पल, म्हणजे रेडिओ लहरीची क्षणोक्षणीची मोजमापे, गळत असत, आणि सेकंदाला २४ लाख सॅम्पल घेताना एक जरी गळले तरी गणित सव्वाशे मीटरने सरकते. चांगला पुरवठा जोडल्यापासून ठाणे शांत आहे.

संगमनेरला अजून यूपीएस नाही. काल संध्याकाळी तिथली वीज तासभर गेली आणि तेवढ्यात रोह्यावर विमान पुन्हा उगवले.